प्रथिनाची घडी

मुलांनो, लहान मुलांना रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग होतो. त्यावर जी औषधे देतात, त्यांपैकी एक जीवाणूंपासून मिळते. त्याचे नाव अ‍ॅस्परॅजिनेज. ते एक विकर आहे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.

आपल्या रक्तात अ‍ॅस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल असते. (ते प्रथम १८०६ साली शतावरीच्या कुळातील एका वनस्पतीत सापडले.) निरोगी पेशी ते स्वतः तयार करतात. या रोगाच्या पेशींना मात्र ते पुरेसे तयार करता येत नाही. त्या रक्तातून घेतात. विकर रक्तातील अ‍ॅस्परॅजिन तोडून टाकते, आणि रोगट पेशींची उपासमार होते.

आता या विकराची रचना पाहा. ३२६ अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवली, की एक साखळी होते. ती स्वतःभोवती घडी घालते. अशा चार साखळ्या एकत्र येतात, तेव्हा विकर पूर्ण होते. ज्या खाचेत अ‍ॅस्परॅजिन तुटते, ती खाच दोन शेजारच्या साखळ्यांच्या मध्ये असते. म्हणून एकटी साखळी निरुपयोगी!

शेतकरी खत म्हणून टाकतात तो युरिया तुम्हांला माहीत आहे. युरियाच्या तीव्र द्रावणात हे विकर ठेवले, तर चारही साखळ्या सुट्या होतात, घड्या मोडतात. विकराची शक्ती जाते. पण नंतर युरिया काढून टाकला, तर साखळ्या पुन्हा घडी घालतात, एकत्र येतात आणि शक्ती परत येते! हे त्यांना कोण शिकवते? कोणीही नाही. घडी कशी घालायची, ते मण्यांच्या क्रमातच ठरलेले असते. ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सन यांनी बैलाच्या एका विकरावर प्रयोग करून हे दाखवले. त्यांना १९७२ साली इतर दोघांसह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग उकडलेले अंडे पुन्हा पातळ का होत नाही? अंड्यातील प्रथिनेही उलगडतात. पण उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. गुंता झाला, की घडी बसत नाही.

औषधालाही हाच धोका असतो. म्हणून त्याची कुपी थंड जागी, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. कोरड्या भुकटीत पाणी घातल्यावर परिचारिका कुपी जोराने हलवत नाही. जोराने हलवले तर फेस येतो, आणि फेसाच्या पृष्ठभागावर साखळ्या उलगडून गुंततात. ती कुपी हळूच फिरवते आणि भुकटी विरघळेपर्यंत थांबते.