बुद्ध्यांकाचा आकडा किती खरा?

"डॉक्टरसाहेब, एवढा कागद वाचून सांगा. पोरगं वेडं आहे का?"

तिसरीतल्या मुलाला घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने मला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षे झाली. शाळेतल्या तपासणीच्या त्या कागदावर मुलाचा बुद्ध्यांक ६६ लिहिला होता. मी आकडा वाचला आणि "आहे ते मान्य करा, जास्त अपेक्षा ठेवू नका," असे सांगून त्यांना वाटेला लावले. ती माझी चूक होती. कशी, ते पुढे सांगतो.

आधी बुद्ध्यांक म्हणजे काय ते पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी आणि वेगळ्या शिकवणीची गरज असणारी मुले शोधणे हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, असे बिने स्वतः मानत नसत. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. त्या भागाकाराला शंभराने गुणले की बुद्ध्यांक निघतो. दहा वर्षांचे मूल आठ वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरे देत असेल, तर त्याचा बुद्ध्यांक ८०.

हल्ली मुलाची तुलना त्याच वयाच्या इतर मुलांशी करतात. सरासरी १०० धरली जाते. सुमारे दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि ७० च्या खाली शंभरात साधारण दोन. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी बसवली, तर नागपूरला मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी चाचणी तयार केली.

मग या आकड्याला मर्यादा कोणत्या? पहिली म्हणजे, तो वजनकाट्यासारखा नेमका नसतो. तेच मूल पुन्हा तपासले तर चारपाच गुण इकडेतिकडे होतात. म्हणून ६८ आणि ७२ यांत फारसा फरक मानू नये. दुसरी, भाषेची. घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले, तर बुद्धीऐवजी भाषाच मोजली जाते. तिसरी, शरीराची. ताप, उपाशी पोट, अनोळखी माणसाची भीती, अधू नजर, बहिरेपणा यांपैकी काहीही आकडा खाली ओढू शकते. शिवाय चित्रकला, हातातले कसब, चिकाटी, माणसे सांभाळण्याची हातोटी यांचे माप या चाचणीत नसते.

आता त्या मुलाकडे येऊ. सहा महिन्यांनी तो सर्दी-खोकल्यासाठी आला. पाठमोरा बसला होता. मी दोनदा हाक मारली, त्याने वळून पाहिले नाही. कान तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेले दिसले. दरम्यान माझ्या शब्दावर विसंबून वडिलांनी त्याची शाळा बंद करून त्याला शेळ्यांमागे धाडले होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे उपचार झाले, शाळा पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाने घेतलेल्या चाचणीत आकडा आला ८९. पहिल्या वेळी त्याला निम्मे प्रश्न ऐकूच आले नसावेत. दोन मिनिटे कान पाहण्यात घालवली असती, तर त्याचे सहा महिने वाया गेले नसते.

म्हणून चाचणीच नको, असे मात्र समजू नका. आमच्याच गावातली एक मुलगी उशिरा चालू लागली, उशिरा बोलू लागली. "मोठी झाली की होईल," म्हणत घरच्यांनी चार वर्षे घालवली. चाचणी झाली तेव्हा बौद्धिक दिव्यांगत्व स्पष्ट झाले, विशेष शिक्षिका मिळाली, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. आज ती स्वतः दुकानातून सामान आणते. काही मुलांचा बुद्ध्यांक चांगला असतो, पण वाचन-लेखन जमत नाही. ही अध्ययन अक्षमता. तिला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. ती ओळखायलाही बुद्धिमापनाची मदत होते.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) चाचणीआधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. वाढ खुंटली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइडची तपासणी करा.

२) चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच आणि मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हावी. मासिकातली कोडी म्हणजे चाचणी नव्हे.

३) नुसत्या आकड्यावरून बौद्धिक दिव्यांगत्व ठरत नाही. जेवण, कपडे, बोलणे, पैशाचा व्यवहार मूल कसे करते, हेही पाहावे लागते.

४) आकडा मुलासमोर, शेजारीपाजारी किंवा पाहुण्यांत सांगू नका. "ढ" हा शिक्का एकदा बसला की मूल प्रयत्नच सोडते.

५) अहवाल घेताना "किती आला?" याआधी "आता आम्ही काय करायचे?" हे विचारा. त्याचे उत्तर मिळाले, तरच चाचणीचा उपयोग झाला.