माध्यम-फाइल : वेष्टन, कोडेक आणि प्लेअर

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी तुम्ही एखाद्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर चित्रित करून आणता. घरच्या संगणकावर ती फाइल लावली, तर आवाज येतो. पडदा मात्र काळाच राहतो. फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची घाई करू नका.

फाइलीच्या नावाअखेरची एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय ही अक्षरे केवळ वेष्टनाचे नाव सांगतात. त्या वेष्टनात चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह स्वतंत्रपणे ठेवलेले असतात. प्रत्येक प्रवाह ज्या पद्धतीने संक्षिप्त केला जातो आणि वाजवताना पुन्हा उलगडला जातो, तिला ‘कोडेक’ म्हणतात. अनेक नवे मोबाइल चित्रासाठी एचईव्हीसी हा कोडेक वापरतात. जुन्या संगणकावरील प्लेअरपाशी तो नसला, की वरील प्रकार घडतो. फाइलीचे नाव बदलून उपयोग नाही; डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला जिन्नस बदलत नाही. १९९६ मध्ये पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली मिळणारा व्हीएलसी हा प्लेअर बहुतेक कोडेक स्वतःबरोबरच आणतो. प्रथम त्यात फाइल लावून पाहावी.

ध्वनीच्या संक्षेपाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. अशा दोन वाहिन्यांची असंक्षिप्त वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला जेमतेम १ एमबी पुरते. मग उरलेले गेले कोठे? मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे, कानाला सहसा न जाणवणारे बारीक ध्वनितपशील एमपी३ने टाकून दिले. चित्रपटगीत ऐकताना हा व्यवहार परवडतो. परंतु ओवीतील श्वास, ‘श’ आणि ‘स’ यांतील बोलीगत फरक किंवा जात्याची घरघर उद्या एखाद्या अभ्यासकाला तपासावी लागेल. एमपी३चे पुन्हा वेव्हमध्ये रूपांतर केल्यास आकार वाढतो, गेलेला ध्वनी परत येत नाही. फ्लॅक मात्र काहीही न गमावता जागा वाचवते. म्हणून निव्वळ ध्वनिमुद्रण शक्य असेल तेथे वेव्ह वा फ्लॅकमध्ये करा. मूळ फाइल, ती कोणत्याही स्वरूपात असो, जशीच्या तशी जपा. इतरांना पाठवण्यासाठी वेगळी प्रत काढा.

कृती : तुमची एक चित्रफाइल संगणकावर व्हीएलसीमध्ये लावा. ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडून चित्राचा व ध्वनीचा कोडेक प्रकल्पवहीत नोंदवा.