मूत्रपिंडाचा कर्करोग आणि प्रथिनांची साक्ष



मागे बारावीच्या जीवशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, आजोबांच्या किडनीची गाठ काढली. रिपोर्टमध्ये सीए-नाइन नावाचे प्रथिन कमी आहे असे लिहिले आहे. मग आजोबा किती दिवस राहतील?" वर्ग एकदम शांत झाला. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली, वाचन केले, आणि मग जे सांगितले तेच येथे देत आहोत.

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात 'वृक्क' होते, बाजारात 'गुर्दा' होता, आता सर्वांच्या तोंडी 'किडनी' आहे. अवयव तोच. त्याच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे 'क्लिअर सेल'. काचपट्टी तयार करताना पेशींतील चरबी व ग्लायकोजेन विरघळून जातात आणि पेशी रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव.

या प्रकारात बहुधा व्हीएचएल हे जनुक बिघडलेले असते. ते 1993 साली ओळखले गेले. प्राणवायू पुरेसा असताना एचआयएफ नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लावणे हे त्याचे काम. ते बंद पडले की एचआयएफ साठते आणि प्राणवायू असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते. प्राणवायूची ही जाणीव पेशीला कशी होते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. साठलेल्या एचआयएफमुळे पेशी जी प्रथिने बनवते, त्यांपैकी एक म्हणजे सीए-नाइन, अर्थात कार्बोनिक अनहायड्रेज नऊ. निरोगी मूत्रपिंडात ते जवळजवळ नसतेच. गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंड आणि रंग वापरून ते पाहतात.

2003 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी तीनशेहून अधिक रुग्णांच्या गाठी तपासल्या. 85 टक्के किंवा त्याहून कमी पेशी रंगल्या असतील, तर रुग्णाचे पुढचे आयुष्य कमी असण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु 2007 मध्ये अमेरिकेतीलच मेयो क्लिनिकने सातशेहून अधिक रुग्णांवर पडताळणी केली. गाठीची श्रेणी आणि त्यातील मृत पेशींचा भाग हिशेबात धरल्यावर सीए-नाइनने वेगळी काही माहिती दिली नाही.

हे शाळेच्या भाषेत समजून घेऊ. नियमित हजेरी असणाऱ्या मुलांचा निकाल बहुधा चांगला लागतो. पण चाचणी परीक्षेचे गुण आधीच हाती असतील, तर हजेरीचा आकडा फारसे नवे सांगत नाही. शिवाय, कमी हजेरीचा मुलगा पहिला आल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. आकडा समूहाविषयी बोलतो. एकट्याचे भविष्य तो लिहीत नाही.

म्हणूनच अशा एखाद्या प्रथिनावरून भाकीत करण्याची पद्धत आजही नेहमीच्या उपचारात रूढ झालेली नाही. गाठ कोणत्या टप्प्यात आहे, तिचा आकार, श्रेणी आणि मृत पेशी, यांवरच डॉक्टरांचा अंदाज प्रामुख्याने आधारलेला असतो. तरीही हे संशोधन वाया गेले असे समजू नका. एचआयएफच्या त्याच वाटेवर घाव घालणारे बेल्झुटिफान हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणालो, "बाळा, त्या एका ओळीवरून दिवस मोजू नकोस. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : टप्पा कोणता, श्रेणी कोणती, आणि पुढची तपासणी केव्हा?"

पालकांना एक विनंती. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब या रोगाचा धोका वाढवतात. लघवीतून रक्त गेले, तर दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जा.

चार दिवसांनी तो मुलगा आमच्या खोलीत आला. तिन्ही उत्तरे त्याने वहीत लिहून आणली होती. आजोबांच्या पुढच्या तपासणीची तारीख त्याने लाल शाईने चौकटीत लिहिली होती.

अभ्यासासाठी प्रश्न :
1) व्हीएचएल बिघडल्यास सीए-नाइन का वाढते?
2) एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहणे का आवश्यक आहे?