शोधयंत्रांतील ‘आणि’चा अर्थ

पंचायत समितीतील एखाद्या कर्मचाऱ्यास विहिरी आणि शेततळी यांविषयीची सर्व परिपत्रके हवी असतात. संगणकातील दस्तऐवज-संग्रहात तो ‘विहीर’ व ‘शेततळे’ हे शब्द ‘अँड’ने जोडून शोध घेतो, हाती चार-पाचच कागद येतात. यंत्र बिघडले, असा समज अशा वेळी सहज होतो. वस्तुतः यंत्राने मिळालेली आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

या आज्ञांचे मूळ जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या तर्कशास्त्रात आहे. विचारांच्या नियमांवरील त्याचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलण्यातील ‘आणि’ बेरीज करतो. विहिरींचेही कागद द्या, शेततळ्यांचेही द्या, असा त्याचा अर्थ. बूलच्या पद्धतीतील ‘अँड’ मात्र चाळणीसारखा आहे. ज्या कागदात दोन्ही शब्द असतील तोच तो राखतो. कर्मचाऱ्यास हवा होता तो ‘ऑर’, म्हणजे ‘किंवा’.

दोन्ही जोडशब्द एकत्र आले की घोटाळा वाढतो. ‘पाणी ऑर शौचालय अँड शाळा’ ही मागणी पबमेड हा वैद्यकीय संग्रह डावीकडून उजवीकडे वाचतो. अन्य अनेक प्रणाली ‘अँड’ आधी सोडवितात. मग शाळेशी संबंध नसलेले पाण्याचे सारे कागद पुढ्यात येतात. ‘पाणी ऑर शौचालय’ कंसात घातल्यास, कंस मानणाऱ्या प्रणालीत हा दोष उरत नाही. ‘नॉट’ तर जपूनच वापरावा. ‘अनुदान’ वगळा असे सांगितले की, ‘या योजनेस अनुदान नाही’ एवढेच वाक्य असलेला उपयुक्त कागदही बाद होतो.

मराठीपुढील अडचण याहून खोल आहे. ‘शेतकरी’ या शब्दाचे ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्याचा’ असे रूप होते. शब्द जसाच्या तसा जुळविणाऱ्या यंत्राला ही नाती कळत नाहीत. शिवाय ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठविता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटू शकतात. तारकाचिन्हाची सोय असल्यास ‘शेतक’ येथेच थांबून पुढे तारका द्यावी. ‘शेतकी’चे काही कागद जादा येतील, पण ते हाताने बाजूला करता येतात.

जादा आलेला कागद दिसतो; न आलेला दिसत नाही, आणि खरा धोका येथेच आहे. ब्लेअर व मॅरन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये एका न्यायालयीन दाव्याच्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवरील शोधांची तपासणी प्रसिद्ध केली. आवश्यक कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळाले, अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच मिळाले होते. शासकीय कामात एखादे दुरुस्तीपत्रक असे निसटले, तर पात्र अर्जदाराचा अर्ज जुन्या नियमाने फेटाळला जाऊ शकतो.

अनपेक्षित निकाल आल्यास प्रत्येक शब्द प्रथम एकटा शोधून त्याची संख्या टिपावी. समजा, ‘विहीर’ असलेले १२० कागद, ‘शेततळे’ असलेले ९० आणि दोन्ही असलेले ३० आहेत. मग ‘ऑर’ने १८० यावयास हवेत, आणि ‘अँड’ची संख्या कधीही ९० च्या वर जाता कामा नये. हिशेब चुकला, तर जोडशब्द आज्ञा म्हणून वाचलेच जात नसावेत. काही प्रणालींत ते रोमन मोठ्या अक्षरांत लिहावे लागतात. (सार्वजनिक शोधयंत्रे दाखवितात ती संख्या बहुधा अंदाजाची असते, तिच्यावर ही कसोटी लावू नये.) हिशेब जुळूनही कागद कमी वाटले, तर विषयाचा हाती असलेला एखादा जुना कागद त्याच मागणीने सापडतो का, हे पाहावे. न सापडल्यास त्यात कोणता शब्द, कोणत्या रूपात आहे ते वाचून तो ‘ऑर’ने मागणीस जोडावा.