बारमाही सॅक

सॅक घ्यायला निघशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. घरातला चढाईचा रोप ने, हार्नेस आणि हेल्मेट ने, आणि जाताना खालच्या किराणा दुकानातून सोना मसुरीची पाच किलोची पिशवी घे. दुकानात हे सगळं त्यांच्या सॅकमध्ये भर, अंगावर चढव आणि वीस मिनिटं त्या मजल्यावर फिर. जिना असला तर दोनदा चढ-उतर कर. विक्रेता मुलगा टकामका बघेल, बघू दे. रिकामी सॅक आरशासमोर सगळ्यांनाच शोभते गं; दहा किलो पडले की खांद्याला, कमरेला आणि मानेला तिचं खरं माप कळतं. दुकानात वजनासाठी ठेवलेल्या उशा असतात, त्या मऊ आणि गुळगुळीत. क्विकड्रॉचा झुबका पाठीत कसा टोचतो ते उशीला काय ठाऊक?

मारतहळ्ळीत राहतेस म्हणून एक आधीच सांगते. आउटर रिंग रोडच्या कडेने ती फॅक्टरी आउटलेटची दुकानं आहेत ना, तिथून जीन्स घे, टी-शर्ट घे, सॅक घेऊ नकोस. 'सत्तर लिटर' लिहिलेल्या सॅका तिथे टांगलेल्या असतात: ढीगभर चेन, बाहेर जाळीचे खिसे आणि कमरेला दोन बोटं रुंदीची नुसती पट्टी. ती पट्टी वजन घेत नाही, सॅक डुलू देत नाही एवढंच. ऑफिसने दिलेली लॅपटॉपची काळी सॅकही डोंगरावर नको, त्याचं कारण पुढे येईलच. खरेदीला सर्जापूर रोडला जा. डेकॅथलॉनने भारतातलं पहिलं दुकान 2009 साली तिथेच उघडलं. वाइल्डक्राफ्टही तुमच्या बंगळूरचीच, डोंगरात फिरणाऱ्या मंडळींनी सुरू केलेली. मी कुठल्या नावाला बांधलेली नाही. नाव सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी तुझं वर्ष डोळ्यांसमोर आण. रविवारी सकाळी तुरहळ्ळीच्या दगडांवर बोल्डरिंग. अधूनमधून रामनगर (रामदेवर बेट्टाचा भाग गिधाडांसाठी राखीव आहे, तिथे जायचं नाही) किंवा सावनदुर्ग. थंडीत बदामीचा वालुकाश्म. पावसाळ्यात पुण्याला आलीस की आपला सह्याद्री. पाऊस ओसरला की कुमार पर्वत. आणि पुढच्या उन्हाळ्यात उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स करायचं तू म्हणतेसच. यातल्या प्रत्येकासाठी वेगळी सॅक विकायला कंपन्या बसल्याच आहेत. तुला एक पुरेल. फक्त निवडताना तिला काय काय जोडता येतं ते राहू दे, तिच्यातून काय काय काढता येतं ते बघ.

वरचं झाकण सुटतं का? कमरपट्टा निघतो का? पाठीतला फोम आणि त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर येते का? तिन्हीला 'हो' असेल, तर तीच सॅक कुमार पर्वतावर मुक्कामाचं सामान भरून जाईल आणि सावनदुर्गच्या लांब मार्गावर शाळेच्या दप्तरासारखी चपटी होऊन पाठीला बसेल. बाजूचे आवळायचे पट्टे दोन्हीकडे दोन-दोन हवेत, म्हणजे अर्धी भरलेली सॅक पोटात लोंबत नाही. बाहेर काढलेला फोम बसायला होतो, थंडीत रात्री पायांखाली घालायलाही होतो.

किती लिटर, हा तुझा पहिला प्रश्न होता. 38 ते 45. हिशोब सांगते. 9.8 मिलिमीटरचा 60 मीटर रोप पावणेचार किलोच्या आसपास भरतो. बारा क्विकड्रॉ सव्वा किलो. हार्नेस, हेल्मेट, शूज मिळून दीड किलोच्या आत-बाहेर. मार्चमध्ये तुमच्या त्या तापलेल्या ग्रॅनाइटवर चढायचं तर तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो. वर डबा, जॅकेट, टॉर्च, औषधं. दहा किलो ओलांडलेच आणि चाळीस लिटरही भरले. साठ लिटरची घेतलीस तर उरलेली जागा स्वस्थ बसू देत नाही, निघताना काहीतरी कोंबलंच जातं आणि ते आपल्याच गुडघ्यांना वाहावं लागतं. मुक्काम असेल तेव्हा रोप आत न ठेवता झाकणाखाली आडवा बांधायचा. त्यासाठी तोंडावरून जाणारा एक स्वतंत्र पट्टा आहे ना, ते बघून घे. तोंडाचं कापड वीतभर वर वाढणारं असलं तर फारच छान. बेसिक कोर्ससाठी मोठी सॅक घ्यावी लागेल ही काळजी सोड. तिथे सॅक, आइस ॲक्स, क्रॅम्पॉन सगळं संस्थाच देते.

आता पाठीचं माप. सॅकचं माप उंचीवरून ठरत नाही. तू माझ्याहून चांगली चार बोटं उंच आहेस, पण तुझी उंची पायांत आहे. मान खाली घाल. मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथे टेपचं टोक धरायला सांग. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेव, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत टेप सोडली की तुझ्या पाठीचं माप आलं. हे सेंटिमीटरात लिहून ने. बऱ्याच सॅका दोन-तीन मापांत येतात, काहींची पाठ कमी-जास्त करता येते. बायकांसाठी म्हणून वेगळ्या सॅका असतात त्याही घालून बघ. त्यांचे खांद्याचे पट्टे छातीपाशी वळणदार असतात आणि कमरपट्टा तिरका बसतो. मात्र नुसती जांभळी-गुलाबी केलेली पुरुषी सॅक 'लेडीज' म्हणून दाखवतील, तिला फसू नकोस.

घालायचा क्रमही पाठ कर. सगळे पट्टे ढिले. आधी कमरपट्टा, तोही पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. मग खांद्याचे पट्टे ओढायचे. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे ते दोन छोटे पट्टे, वरची बाजू पाठीजवळ येईल इतकेच. छातीचा पट्टा शेवटी. कुक्केकडून कुमार पर्वतावर जाताना दीड किलोमीटरहून जास्त उंची चढावी लागते. तिथे वजन कमरेवर आहे की खांद्यावर, याचा निकाल तासाभरात लागतो. हे छोटे पट्टे, छातीचा पट्टा, बाजूने आवळणं आणि पाठीच्या आत लपलेली फ्रेम, हे सगळं ग्रेग लो नावाच्या अमेरिकन प्रस्तरारोहकाने 1967 साली एका सॅकमध्ये आणलं. त्याआधी बाहेरून नळ्यांचा सांगाडा असायचा. चालायला तो उत्तम, कड्यावर मात्र दर हालचालीला मागे ओढायचा.

दुकानात ज्या दोन परीक्षा कोणी घेत नाही त्या तू घे. हेल्मेट घालून, भरलेली सॅक पाठीवर घेऊन मान पूर्ण मागे टाक आणि छत बघ. हेल्मेटची कड झाकणाला आपटली तर सॅक परत ठेव. कड्यावर पुढची पकड वरच शोधायची असते आणि वरून दगड सुटला तर तोही दिसायला हवा. दुसरी परीक्षा हार्नेसची. हार्नेस घालून वरून कमरपट्टा बांध. गियर लूप झाकले जात असतील, हात क्विकड्रॉपर्यंत सहज पोचत नसेल, तर पट्टा काढता येणं किंवा मागे वळवून ठेवता येणं याला पर्याय नाही. ही गैरसोय घरी किरकोळ वाटते. टाचा दुखत असताना, एका हाताने लटकून, ती किरकोळ राहत नाही.

पाठीला हवा लागावी म्हणून जाळी ताणलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पाठीच्या सॅका हल्ली फार चालतात. आपल्या उन्हाळ्यात विक्रेता तीच आधी दाखवेल. नुसतं चालायचं असेल तर घे. चढायचं असेल तर नको: वजन पाठीपासून लांब जातं, तोल मागे झुकतो आणि आतली जागाही वाकडी होते. घाम काय, दोन्हींत येतोच.

बाहेर लोंबणाऱ्या गोष्टींचा मला मनापासून राग आहे. ढाक बहिरीची वाट आठव. कड्याला छाती लावून आडवं सरकायचं, पाठीमागे दरी. तिथे सॅकच्या बाजूला बाटली, खाली कॅरीमॅट, मागे चपला लटकवलेला माणूस पुढे असला की मागच्यांचा जीव टांगणीला. कॅरीमॅट खडकाला घासली तरी माणूस बाहेर ढकलला जातो. म्हणून सॅक बाहेरून सपाट हवी आणि रुंदी तुझ्या खांद्यांच्या आत हवी. बाहेर आइस ॲक्ससाठी एक-दोन कड्या आणि वर पकडायला मजबूत फास, बस. तो फास खेचून बघ. कड्यावरून सॅक रोपने वर ओढून घ्यायची वेळ येते तेव्हा सगळा भार त्याच्यावर असतो. तो जिथे शिवलाय तिथे आडवी, दाट, पुन्हापुन्हा फिरवलेली शिवण दिसली पाहिजे.

कापडावर डेनियरचा आकडा असतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जेवढं वजन, तेवढे डेनियर. अंगाला 210च्या आसपास आणि बुडाला 420 किंवा जास्त, अशी सॅक तुला पुरेल. रामनगरचा ग्रॅनाइट सँडपेपरसारखा खरखरीत, बाहेरची जाळी तिथे टिकत नाही. आपला बसाल्ट धारदार. सावनदुर्गच्या रानात टणटणी आणि आपल्याकडे करवंदीच्या जाळ्या, त्या ओढतात ते वेगळंच. फार हलक्या, कागदासारख्या कापडाच्या सॅका वजनकाट्यावर देखण्या दिसतात. त्या बर्फासाठी ठेव. दीड किलोच्या आत रिकामी सॅक मिळाली की मी समाधानी.

पाऊस. तुमच्याकडे मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट करून कोसळतो तो, आणि आपल्याकडे घाटमाथ्यावर जुलैत आडवा येतो तो, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्याला रेनकव्हर चालतं. दुसऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि एका झोतात दरीत. शिवाय पाठीकडून पाणी शिरतंच, कारण रेनकव्हर पाठ झाकत नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे: सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालायची, सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं. कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग त्याआतल्या दुसऱ्या पिशवीत. सॅक भिजली तर भिजू दे. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या शब्दाचे जास्त पैसे मोजू नकोस. शिवणींतून आणि चेनमधून पाणी जातंच. चेनपेक्षा दोरीने आवळायचं किंवा गुंडाळायचं तोंड बरं. चेन चिखलाने अडकली की सगळी सॅक बंद पडते. बकल मात्र ओल्या, गारठलेल्या बोटांनी उघडतं का ते दुकानातच डोळे मिटून बघ.

आता ती काळी सॅक. धुक्यात गड उतरताना मागच्याला पुढचा दिसायला हवा, त्याला केशरी, लाल, पिवळा रंग उपयोगी. त्याहून मोठं कारण आग्या मोहोळाचं. कड्यांच्या कपारींत ही मोहोळं असतात, आणि चवताळलेल्या मधमाश्या गडद रंगाच्या, हलणाऱ्या वस्तूवर जास्त तुटून पडतात. सेंट लावून डोंगरात जायचं नाही हे तुला लहानपणापासून सांगितलंय, त्यात हे एक जोड.

घेतल्यावर ती टिकवायची कशी, तेही ऐक. कापडाच्या आतला जलरोधक थर दमट हवेत सडतो. आधी चिकट होतो, मग आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटतात. म्हणून ट्रेकवरून आलीस की त्याच दिवशी उलटी करून झटक, सगळे कप्पे उघडे ठेव आणि सावलीत वाळव. वॉशिंग मशीन नाही, डिटर्जंट नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, साधा साबण. घामाचं मीठ खांद्याच्या पट्ट्यांतून आधी धू. गडावरच्या गुहेत रात्री खाऊ सॅकमध्ये ठेवू नकोस, उंदीर चेन उघडत बसत नाहीत, भोक पाडतात. शिवण उसवली तर बॅग दुरुस्तीवाल्याकडे दे, पण दोरा नायलॉनचाच घालायला सांग, सुती दोरा पावसात कुजतो. नेहमीच्या रुंदीच्या पट्ट्यांची सॅक घेतलीस तर तुटलेलं बकल कुठेही बदलून मिळेल.

प्रवासाचं थोडं. उद्यान एक्सप्रेसने पुण्याला येशील तेव्हा वरच्या फासातून साखळी घाल आणि बर्थखाली सरकव. विमानाने देहरादूनला जाताना गॅसचा डबा अजिबात चालत नाही, ना हातात ना खाली. तो तिकडेच विकत घ्यायचा. ट्रेकिंग पोल आणि आइस ॲक्स चेक-इनमध्ये. सगळे पट्टे गुंडाळून, सॅक एखाद्या पोत्यात घालून दे, नाहीतर सरकत्या पट्ट्यावर बकल अडकून तुटतात. शूज मात्र पायांत किंवा हातातल्या सामानात ठेव. सामान उशिरा आलं तर जॅकेट तिकडे भाड्याने मिळेल, पायाला बसलेले शूज मिळणार नाहीत.