दीर्घकाळ बंद असलेल्या मोटारीचें पुनरुज्जीवन

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालय आपल्यापैकीं पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल या संस्थेनें तें १९९४ सालीं स्थापन केलें. तेथें मांडलेल्या सुमारें ५० वाहनांत रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली एक चिलखती गाडी आहे. सिल्व्हर घोस्ट ही मूळची श्रीमंतांची मोटार. परंतु १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू होतांच तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे व फिरता बुरूज चढवून तिला रणांगणावर पाठविण्यांत आलें.

अशीं वाहनें पाहतांना एक प्रश्न सहज मनांत येतो. पुष्कळ वर्षें एका जागीं उभी राहिलेली गाडी पुनः चालूं शकेल काय? हा प्रश्न केवळ संग्रहालयाचा नव्हे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली एखादी फियाट, किंवा १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बेसेडर, आजही कोणाच्या वाड्याच्या पडवींत अथवा शेतावरच्या छपराखालीं धूळ खात उभी असते. घरांतील तरुणांस वाटतें कीं, नवी बॅटरी जोडली, चार लिटर पेट्रोल ओतलें आणि किल्ली फिरविली कीं काम झालें. बहुतेक जुन्या गाड्यांचा खरा नाश वर्षानुवर्षांच्या विश्रांतीनें होत नाहीं. तो या एका क्षणाच्या उतावळेपणानें होतो. असें कां व्हावें, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम गाडी उभी असतांना तिच्यांत काय घडतें, तें समजून घेतलें पाहिजे. लोखंड, प्राणवायु आणि पाणी हीं तीन एकत्र आलीं कीं गंज चढतो. इंजिनाच्या कांहीं सिलिंडरांच्या झडपा नेहमींच उघड्या राहतात. त्या वाटेनें दमट हवा आंत शिरते, रात्रीं थंड झालेल्या धातूवर तिचें दंव धरतें, आणि पिस्टनाच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीस गंजानें चिकटून बसतात. आपला जिल्हा बहुतांशीं पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथील गाडीचा पत्रा कोंकणांतल्यापेक्षां अधिक टिकतो. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर मात्र तसें म्हणतां येणार नाहीं. परंतु कोरड्या उन्हाळ्यानें रबराची हानि होते. टायर, नळ्या व तारांवरील आवरण कडक होऊन त्यांस चिरा पडतात. टायराची नक्षी नवी दिसली तरी एवढ्या वर्षांनंतर त्यावर भरंवसा ठेवूं नये.

पेट्रोलाची स्थितिही तशीच. पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण आहे. त्यांतील हलके द्रव उडून जातात, उरलेल्यांचा हवेशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो, आणि तो कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवून टाकतो. अशा पेट्रोलाचा वासही आंबूस येतो.

आतां दुरुस्तीचा क्रम. पहिलें काम डोळ्यांचें आहे. बॉनेट उघडून उंदरांचीं घरटीं, कुरतडलेल्या तारा व हवेच्या वाटेंत सांचलेला कचरा पाहावा. आसनाखालीं हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवून पाहावें. अशा जागीं साप अथवा विंचू असणें आपल्याकडे नवलाचें नाहीं.

दुसरें काम ब्रेकचें. कित्येकांस हा क्रम उलटा वाटेल. परंतु जी गाडी थांबूं शकत नाहीं, तिला चालवावयाची तरी कशाला? ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्या पाण्यानें चाकांजवळचे लहान सिलिंडर आंतून गंजतात आणि त्यांतील रबरी वाट्या फुगतात किंवा चिकटतात. म्हणून तेल, नळ्या व वाट्या हीं सर्व नवीं घालणें हाच सुरक्षित मार्ग होय.

तिसरें काम टाकीचें. जुनें पेट्रोल मोकळ्या जागीं, विस्तवापासून दूर काढावें, आणि टाकी उतरवून आंतून स्वच्छ करावी. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षां अधिक घातक असते, कारण तिच्यांत पेट्रोलाची वाफ आणि हवा यांचें स्फोटक मिश्रण असतें. अशा टाकीस जाळणीचा डाग देण्याचा प्रयत्न प्राणावर बेततो.

आजच्या पेट्रोलाचाही विचार केला पाहिजे. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. हें इथेनॉल मुख्यतः ऊंस व धान्य यांपासून होतें. ज्या जिल्ह्यांत १९५० सालीं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला, त्या आपल्या जिल्ह्यास उंसाचें महत्त्व सांगावयास नको. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतें व जुन्या रबरास मानवत नाहीं. म्हणून त्यास टिकतील अशाच नळ्या व वायसर वापरावे.

चौथें आणि सर्वांत धीराचें काम इंजिनाचें. सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें पातळ तेल थोडें थोडें सोडावें आणि कांहीं दिवस वाट पाहावी. तेल गंजाच्या फटींत मुरतें व कड्या सैल होतात. मग हातानें, हळूहळू, इंजिन थोडें पुढें व थोडें मागें हलवून पाहावें. न हललें तर पुनः तेल घालावें, पुनः थांबावें. स्टार्टरनें अथवा दुसऱ्या गाडीनें ओढून जोर केल्यास कडी तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात, किंवा अडकलेल्या झडपेचा दांडा वांकतो. हाताला अडथळा कळतो. स्टार्टरला तो कळत नाहीं.

यानंतर तळाची तेलाची परात उतरवून तींतील गाळ धुवावा आणि नवें तेल भरावें. प्लग न बसवितां इंजिन फिरवून तेल सर्व बेअरिंगांपर्यंत पोंचूं द्यावें, कारण इतक्या काळांत तेथील तेलाचा थर निघून गेलेला असतो. रेडिएटरमधील गंज व क्षार धुऊन काढावे, पाण्याच्या नळ्या बदलाव्या, उघड्या पडलेल्या तारा नव्या घालाव्या, व मगच बॅटरी जोडावी. पहिल्यानें इंजिन सुरू करतांना गाडी मोकळ्या हवेंत असावी आणि जवळ अग्निशामक असावें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाहीं, वासही नाहीं. बंद खोलींत तो कोणालाही न कळतां प्राण घेतो.

इंजिन सुरू झालें म्हणजे रंगरंगोटीचा मोह होतो. तेथेंही विवेक हवा. मूळचा रंग, मूळचे दिवे, जुन्या कारागिराच्या हातचा टांका हा त्या गाडीचा इतिहास आहे. एकदां खरवडला कीं तो परत येत नाहीं. कायद्यानेंही याची दखल घेतली आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या खासगी वाहनांस वेगळी नोंदणी मिळते. तिची फी २०,००० रुपये व मुदत १० वर्षें असून, अशीं वाहनें रोजच्या रहदारीसाठीं अथवा धंद्यासाठीं वापरतां येत नाहींत.

पालकांस आमची विनंती आहे कीं, अशी गाडी घरीं असेल तर ती भंगारांत घालण्यापूर्वीं एखाद्या वृद्ध मेकॅनिकास दाखवावी, आणि त्या वेळीं मुलांस जवळ उभें करावें. कार्ब्युरेटर कानानें जुळविणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. गाडी एक वेळ पुनः मिळेल, तें ज्ञान मिळणार नाहीं. पवित्र शास्त्रांतील रुपयांच्या दाखल्यांत एका चाकरानें धन्याचें द्रव्य भयानें जमिनींत पुरून ठेविलें. त्यानें तें गमावलें नाहीं, तरी तो दोषी ठरला. उपयोगावांचून ठेविलेली वस्तु सुरक्षित राहते, हा समज लोखंडाच्या बाबतींत जितका खोटा, तितकाच विद्येच्या बाबतींतही खोटा आहे.