उटनूरला रोड बाईक मागवताना

वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची रोड बाईक हाताने उचलून बघायची तर उटनूरहून हैदराबाद नाहीतर नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे पंधरा ते पस्तीस हजारांत बसवू पाहणारे बहुतेक जण ती मोबाईलवरच निवडतात. निवडताना आधी किंमत आणि रंग बघितला जातो. माझं सांगणं आहे की सुरुवात टायरपासून करा आणि किंमत शेवटी बघा. गाडी आपल्याच रस्त्यावर चालायची आहे आणि बिघडली तर आपल्याच गावात दुरुस्त व्हायची आहे.

आवडलेल्या मॉडेलच्या पानावर सगळ्यात आधी 504311 हा पिनकोड टाका. गाडी घरपोच येते की आदिलाबादपर्यंतच, हे बघा. मग परतीचा नियम शेवटपर्यंत वाचा. सायकलचा खोका माणसाएवढा असतो. तो परत न्यायला विक्रेता माणूस पाठवणार नसेल, तर 'परत करता येईल' या शब्दांना उटनूरमध्ये काही अर्थ उरत नाही. असं मॉडेल कितीही स्वस्त असलं तरी यादीतून काढा.

आता स्वतःचं माप. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. त्याला 0.67 ने गुणलं की फ्रेमचा अंदाज येतो. अंतर 78 सेंटीमीटर असेल तर 52 च्या आसपासची फ्रेम. नुसत्या 'मीडियम'वर विसंबू नका, कारण एका कंपनीची मीडियम दुसरीची स्मॉल निघते. त्या मॉडेलचा मापांचा तक्ता उघडून सेंटीमीटरच बघा. दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. सीट वर घेता येते, मोठी फ्रेम कापता येत नाही.

टायरपाशी मात्र सावकाश थांबा. रोड बाईकच्या चाकाला 700सी म्हणतात आणि त्याच्या रिमचं माप 622 मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या, उंच काळ्या सायकलींचं 28 इंची चाक 635 मिलिमीटरचं. दोन्ही दिसायला सारखी, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून गाडीबरोबरच दोन ट्यूब आणि एक टायर मागवून ठेवा. जाडीचं म्हणाल तर 23 आणि 25 चे टायर गुळगुळीत शहरी रस्त्यासाठी ठीक. इंद्रवेल्लीवरून गुडीहत्नूरपर्यंत, जिथे आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग 44 ला मिळतो, किंवा जैनूरकडे जायचं असेल, वाटेत एखाद्या गुड्याकडे कच्च्या रस्त्यावर वळायचं असेल, तर 28 कमीत कमी. 32 मिळाले तर तेच घ्या. पुढे जाड टायर टाकायचा विचार असेल तर फ्रेम आणि चिमट्यात तेवढी जागा आहे का, ते विक्रेत्याला लिहून विचारा. व्हॉल्वही बघा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. काडीसारखा बारीक प्रेस्टा असेल तर त्यावर बसणारी पितळी टोपी खिशात हवी.

गिअरची संख्या विसरा. '21 स्पीड' म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या, एवढंच. चढ चढायला उपयोगी पडतो तो सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढची लहानात लहान चकती आणि मागची मोठ्यात मोठी. पुढे एकच 44 दातांची आणि मागे 28 ची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 3.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी 12 किलोमीटर. चढावर त्याहून हळू व्हायचं म्हणजे गुडघ्यावर जोर. पुढे 34 आणि मागे 32 असेल तर तेच अंतर सव्वादोन मीटर होतं आणि ताशी 8 च्या वेगातही पाय मोकळे फिरतात. डोंगराळ भागातल्या नवख्याने दुसरी जोडी शोधावी. शिमानोच्या रोड गिअरमध्ये टूर्नी सात चकत्यांचा, क्लॅरिस आठ, सोरा नऊ. या पैशांत क्लॅरिस मिळाला तर उत्तम, टूर्नीही चालेल. गिअरचं नावच लिहिलेलं नसेल तर गाडी सोडा.

ब्रेकमध्ये 'डबल डिस्क' वाचून भुलू नका. स्वस्तातल्या डिस्कपेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवर चालणारा चांगला रबरी ब्रेक बरा, आणि तो गावातला मिस्त्रीही जुळवू शकतो. चमकदार स्टीलची रिम मात्र नको, पावसात तिच्यावर ब्रेक धरत नाही. पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर दाखवला असेल किंवा वजन लिहिलंच नसेल, तर ती रोड बाईकच्या वेषातली दुसरीच सायकल समजा. दहा ते बारा किलो हे या किमतीतलं प्रामाणिक वजन.

एवढ्यातून दोन-तीन मॉडेल उरली की मग किमती मांडा. हेल्मेट, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि ट्यूब प्रत्येकीत मिळवा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीवरची 'सूट' नीट तपासा.

खोका आला की फोडण्यापासून व्हिडिओ काढा. आधी फ्रेमवर पोचा किंवा तडा बघा. हँडल फिरवलेलं, पुढचं चाक आणि पायडल सुटे, अशी गाडी येते. चिमटा उलटा राहिलेला नाही ना बघा, पुढचा ब्रेक समोरच्या बाजूला हवा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्यांविरुद्ध आवळतं. जबरदस्तीने उलटसुलट बसवलं की क्रँकच्या आट्या जातात. चाकाचा आऊट मिस्त्रीकडून काढून घ्या आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर आरे आणि केबल पुन्हा तपासा.

माल खराब निघाला तर फोनवर वाद घालू नका, लेखी तक्रार करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर 1915 वर फोन करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. त्यासाठी तो व्हिडिओ, बिल आणि विक्रेत्याने टायरबद्दल दिलेलं लेखी उत्तर जपून ठेवा.